राजबंदरात कुणी शिरेना

"या वेळी डॉक्टर जिंकणार! म्हणजे जिंकणारच! माझा शब्द आहे!"

काटकोनानं शनिवारी सकाळी ही घोषणा केली तेव्हा त्याच्या हातात ओलं फडकं होतं आणि समोर दुकानाच्या मागच्या खोलीतलं काच कापायचं भलंमोठं टेबल. त्याचा धंदा फोटो फ्रेमचा. कोपरा केसभर तिरका बसला तरी हा गडी सगळी फ्रेम उखडून पुन्हा करणार, गिऱ्हाईक दारात ताटकळलं तरी बेहत्तर! म्हणून सगळे त्याला काटकोन म्हणत आणि त्यालाही ते नाव आवडायचं.

बायको बॅग भरून दारात उभी होती. दोन दिवस बहिणीकडे राहायचा बेत तिनं मुद्दाम याच शनिवारी-रविवारी आखला होता. ती म्हणाली, "कोण जिंकणार ते आधीच ठरलंय, तर मग दोन दिवस खेळताय कशाला? सांगून टाका आणि चहा पाजून घरी पाठवा."

"अगं, तसं नाही चालत! त्यांना कळता कामा नये. कळलं की संपलं!"

"बरं. आईला वेळेवर जेवायला वाढा म्हणजे झालं," असं म्हणून ती गेली. आई म्हणजे काटकोनाच्या सासूबाई. इस्पितळात मेट्रन होत्या. निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, पण त्या खोलीत आल्या की अजूनही माणसं उगाचच चादर नीट करायला लागायची.

आता या डॉक्टरांचं थोडं सांगायला हवं. ते दातांचे डॉक्टर. सोमवारी दवाखान्याला कायमचं कुलूप लावून लेकीकडे परगावी राहायला निघाले होते. ते, काटकोन आणि आणखी दोघं, अशा चौघांचा सागरी व्यापाराचा खेळ वर्षानुवर्षं चाललेला. टेबलभर पट पसरायचा, त्यावर बेटं, बंदरं, भोवरे, वादळं. मीठ, कापूस आणि मसाला हे तिन्ही माल घेऊन ज्याचं जहाज आधी राजबंदरात शिरेल तो जिंकला. ऐकायला सोपं वाटतं, पण एका डावाला दोन दिवस लागतात! आणि इतक्या वर्षांत डॉक्टर एकदाही जिंकले नव्हते. एकदा भूगोलाच्या बाईंना त्यांची दया आली आणि त्यांनी डॉक्टरांचं एक जहाज मुद्दाम सोडून दिलं. डॉक्टरांना ते कळलं. पट तसाच टाकून उठले, ते कित्येक महिने फिरकले नाहीत. मानी माणूस! स्वतःचे दात पाडून घेईल, पण उपकार घेणार नाही.

जिंकायच्या त्या नेहमी बाई. कधीमधी वरखाली. हा वरखाली म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा, चौकडीतला चौथा. काटकोनही आजवर जिंकलेला नव्हता. पण तो "आपण बुवा मजेसाठी खेळतो" असं म्हणायचा आणि लोकांना ते पटतं असं त्याला वाटायचं.

तर सकाळीच डाव बसला. डॉक्टरांनी फासे हलवले, नेहमीप्रमाणे "घाबरू नका, दुखणार नाही" म्हणाले आणि टाकले. काटकोनाचा बेत अगदी आखीवरेखीव होता. आपण हरायचं, हे तर काय, सवयीचंच. खरं काम बाईंना अडवायचं. बाई म्हणजे वाघीण! त्या राजबंदराकडे झेपावल्या की आपण आपली जहाजं आडवी घालायची, तोवर डॉक्टर हळूच आत!

पण बाई झेपावेनात! वर्गात नकाशाकडे पाठ करूनही नदी कुठून कुठं जाते ते सांगणाऱ्या बाई, त्यांनी आपलं जहाज सरळ पश्चिमेला हाकललं. राजबंदर पूर्वेला!

"बाई, तुमची दिशा चुकतेय," डॉक्टर म्हणाले.

"अय्या, हो का? लक्षातच नाही आलं!" बाई म्हणाल्या आणि पुढच्या खेपेला आणखी पश्चिमेला गेल्या.

काटकोन सावरून बसला. ही बाई काहीतरी भयंकर शिजवतेय! तो डोळ्यांत तेल घालून त्यांच्यावर पाळत ठेवू लागला. तेवढ्यात वरखालीनं धडधाकट जहाज थेट भोवऱ्यात घातलं. "अरे, अरे, बुडालं बघा," तो म्हणाला, पण अशा सहज सुरात, की जणू छत्री घरी राहून गेली!

काटकोनानं मग आपलं मीठ पुढे केलं. "डॉक्टर, घ्या हे. मला जड होतंय."

"छे छे! तुमचं मीठ तुम्हाला लखलाभ. उलट हा माझा मसाला घ्या. मला शिंका येतात."

"अहो, लाकडी ठोकळ्यानं कुठल्या शिंका येतात!"

"सवय वाईट," म्हणत डॉक्टरांनी मसाल्याचा ठोकळा त्याच्या जहाजावर ठेवूनही टाकला. काटकोनानं तो घाईघाईनं बाईंना देऊ केला. बाईंनी नको म्हणून आपला कापूसच वरखालीकडे सरकवला. कुणी काही दिलं की वरखालीला नाही म्हणता येत नाही, हा त्याचा जन्माचा दोष. डॉक्टर काटकोनाची जहाजं मीठ-मसाल्यानं भरतच राहिले, आणि बाकी सगळ्यांचा थोडाथोडा नकोसा माल दिवेलागणीपर्यंत वरखालीच्या एकुलत्या एक उरलेल्या जहाजावर जमा झाला. मग तो इतका घाबरला की त्यानं ते जहाज राजबंदराच्या अगदी शेजारच्या बेटामागे दडवलं. सकाळपासून तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं, तेव्हा आणखी माल गळ्यात पडायची भीती नाही, हा त्याचा हिशेब बरोबर होता. या डावात तिकडे कुत्रंसुद्धा फिरकणार नव्हतं!

पट तसाच झाकून मंडळी घरी गेली.

रविवारी सकाळी काटकोन पत्ता उचलायला गेला आणि घात झाला. वादळाचा पत्ता! वादळानं त्याची दोन्ही जहाजं उचलली आणि नेऊन टाकली, कुठं? थेट राजबंदराच्या दारात!

"शाब्बास!" डॉक्टर टाळ्या पिटत उठले. "नशीब काढलंत हो! आता नुसता कापूस मिळाला की शिरलात आत!"

काटकोनाच्या तोंडचं पाणी पळालं. "नाही, नाही! वादळानंतर डागडुजी करावी लागते. तीन खेपा थांबायचं, असा नियम आहे."

"असा कुठलाही नियम नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांना नियम तोंडपाठ, जिंकणं तेवढं जमत नव्हतं. "उगाच घाबरताय तुम्ही. मी आहे ना!"

काटकोन चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात पळाला. पाठोपाठ बाई आल्या आणि दार लोटून घेऊन कडाडल्या, "लाज नाही वाटत? डॉक्टरांचा शेवटचा डाव, आणि तुम्हाला आजच जिंकायचं सुचतंय?"

"मी? अहो, मी तर हरतोय!"

"असं हरतात? राजबंदराच्या उंबऱ्यावर बसून?"

"मग तुम्ही पश्चिमेला का..." आणि मग काटकोनाच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे बाई, तुम्हीसुद्धा?"

तेवढ्यात दार उघडून वरखाली आत शिरला. "माफ करा, पण एक विनंती होती. जरा डॉक्टरांना जिंकू द्यायचं का?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कालपासून तिघंही एकाच विहिरीत उड्या मारत होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की विहिरीत आपण एकटेच! बाईंनी डोळे पुसले. वरखालीनं साखरेचा डबा उगाच उघडून बंद केला. आता तिघं मिळून हरू, असं ठरलं, आणि काटकोनाला बऱ्याच दिवसांनी कुणाचा तरी असल्यासारखं वाटलं.

पण तिघं बाहेर येऊन बसतात न बसतात तोच वरखालीचा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकली होती, आत माणसं होती. त्याला जाणं भागच होतं. पण खुर्ची रिकामी राहिली तर डाव मोडतो, हा मात्र खरोखरीचा नियम. वरखालीनं इकडेतिकडे पाहिलं. दारात सासूबाई विणकाम घेऊन उभ्या होत्या.

"मावशी, माझ्या जागी बसता का? नुसतं फासे टाकायचे आणि हे जहाज हलवायचं!" असं म्हणून तो हत्यारांची पिशवी उचलून धूम पळाला.

सासूबाई बसल्या. चष्मा लावला. "यात करायचं काय असतं?"

डॉक्टरांनी मन लावून समजावलं. मीठ, कापूस, मसाला घ्यायचा आणि राजबंदरात शिरायचं.

"या जहाजावर तिन्ही आहेत."

"हो," डॉक्टर म्हणाले.

"आणि राजबंदर हे इथं शेजारी."

"हो."

"मग हे इथं उभं कशाला? पेशंट बरा झाला की खाट अडवून ठेवायची नसते."

"आई, थांबा!" काटकोन ओरडला. "तुम्ही पश्चिमेला जा! तिकडे फार छान बेटं आहेत!"

"जावईबापू, मी फिरायला बसलेली नाही," सासूबाई म्हणाल्या, फासे टाकले आणि जहाज राजबंदरात नेऊन उभं केलं. "झालं. आता जेवायचं बघा."

सासूबाईंनी पुन्हा विणकामाच्या सुया चालवायला घेतल्या. काटकोनाला वाटलं, टेबलाखाली जाऊन बसावं. दोन दिवसांची मेहनत पाण्यात! डॉक्टर जायचे ते न जिंकताच जाणार!

डॉक्टर मात्र काटकोनाकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. "मला माफ करा हो," ते म्हणाले. "फार वाटत होतं, तुम्हाला एकदा जिंकवून जावं."

"मला?"

"मग काय! इतकी वर्षं तळाला आपण दोघंच. एकमेकांची सोबत होती. आता मी निघालो. मी गेल्यावर त्या तळाशी तुम्ही एकटे बसणार, या विचारानं मला आठवडाभर झोप नाही."

काटकोन खुर्चीतून अर्धवट उठला. इतक्या वर्षांत "मजेसाठी खेळतो" हे कुणालाही पटलेलं नव्हतं! आणि त्या भरात त्याच्या तोंडून निघून गेलं, "अहो डॉक्टर, पण आम्ही सगळे तर तुम्हाला जिंकवत होतो!"

बाईंनी कपाळावर हात मारला.

डॉक्टरांचा चेहरा लालबुंद झाला. ते सावकाश उठले. खुर्चीच्या पाठीवरचा कोट घेतला. "म्हणजे दया! पुन्हा दया! निघताना हेच पदरात घालायचं होतं?"

"डॉक्टर, बसा ना," बाई काकुळतीला आल्या.

"मुळीच नाही!"

"बसा," सासूबाई म्हणाल्या. डॉक्टर बसले. मेट्रनचा तो आवाज डॉक्टर लोकांना बरोबर कळतो.

"मला एक सांगा," सासूबाईंनी सुया बाजूला ठेवल्या. "हे तिघं हरायला बघत होते. तुम्हीही?"

"हो."

"म्हणजे दोन दिवस सगळे जीव तोडून हरायलाच खेळत होते. कुणी कुणाला सूट दिली?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं. एरवी ते इतरांना करायला लावायचे, तसं.

"मग हरण्यात कोण पहिलं आलं, ते तरी मोजा!"

बाई हाडाच्या मास्तरीण. त्यांनी पदर खोचला आणि मोजायला बसल्या. डॉक्टर टेबलावर वाकून म्हणाले, "हे बघा, मला अर्धासुद्धा गुण फुकट द्यायचा नाही!"

"माझ्याकडून कुणाला मिळालाय आजवर?" बाई म्हणाल्या.

वरखाली डाव सोडून गेला, तो बाद. बाईंचं एक जहाज, लांब पश्चिमेला, पण त्यावर कापसाचं एक गाठोडं राहून गेलेलं. डॉक्टरांचं एक जहाज, फुटकं, खडकावर चढलेलं, माल शून्य, बंदर शून्य. माल वाटला, दीपगृह वाटलं, शिडंसुद्धा देऊन टाकलेली. बाईंनी दोनदा मोजलं, मान वर केली आणि मनापासून म्हणाल्या, "डॉक्टर, याहून जास्त हरणं शक्यच नाही. मी पूर्ण ताकदीनं खेळले हो. तुम्ही मला हरवलंत."

"खरंच?"

"शपथ घेते हवी तर. गाठोडं तुमच्या जहाजावर ढकलायला मी तीनदा आले, तीनदा निसटलात!"

"हो, ते मी बघितलं होतं!" डॉक्टर लहान मुलासारखे उजळले. "मी मुद्दामच खडकावर चढलो! तिथं कुणाचं जहाज पोचत नाही!" मग ते जे उठले ते काटकोनाला कडकडून भेटले, बाईंचे दोन्ही हात हातात घेऊन हलवत राहिले, सासूबाईंना वाकून नमस्कार केला. "जिंकलो! जिंकलो की हो मी! आणि अगदी चोख!"

काटकोनाच्याही डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात त्याची नजर पटावर गेली. राजबंदराच्या दारात त्याची दोन जहाजं उभी होती, मीठ आणि मसाल्यानं खच्चून भरलेली.

"बाई," त्यानं दबक्या आवाजात विचारलं, "माझा नंबर कितवा?"

बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या ना. तुम्ही मजेसाठीच खेळता."

सोमवारी डॉक्टरांची टॅक्सी निघाली तेव्हा सगळे पोचवायला आले होते. गाडी सुटता सुटता डॉक्टरांनी काच खाली केली, मान बाहेर काढली आणि भर रस्त्यात ओरडले, "काटकोनराव, मी येणार आहे अधूनमधून! सराव करून ठेवा!"

"कसला?" काटकोन गाडीमागे धावत म्हणाला. "जिंकायचा की हरायचा?"

"तुम्हाला दोन्हीचा लागेल!"