फेसातला बदाम

दुधाला वाफ देणं ही जगातली सर्वांत सोपी गोष्ट आहे! दुधाचा जग हातात धरायचा, मशीनच्या वाफेची नळी दुधात जेमतेम बुडवायची, चावी फिरवायची आणि कान उघडे ठेवायचे. कागद फाटल्यासारखा बारीक आवाज आला की समजावं, फेस नीट होतो आहे. कुणीही करू शकेल! मी तर शपथेवर सांगतो... म्हणजे शपथ नको. पण कॉफीच्या पुस्तकात तरी असंच लिहिलं आहे.

आणि पुस्तकाबाहेर माझी धाव नाही. मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांनी लिहिलेल्या शब्दांवर शंका घ्यायची आणि त्याबद्दल पगार घ्यायचा! ही खोड निवृत्त झाल्यावर जाणार कुठे? आता शंका घ्यायला उरलो मी एकटा. कुलूप लावलं का, लावलं ते आपल्याच दाराला लावलं का, इथपर्यंत माझी मजल जाते. माणसांशी बोलायचं तर विचारूच नका. वाक्य मनात जुळवून, तपासून, दुरुस्त करून ओठांवर आणेपर्यंत समोरचा माणूस घरी जाऊन, जेवून, घोरत पडलेला असतो.

म्हणूनच लेकीनं मला ते एस्प्रेसोचं मशीन आणून दिलं. "बाबा, पाहुणे आले की तुम्ही पुस्तकांच्या कपाटामागे लपता. त्यापेक्षा त्यांना कॉफी करून द्या. हात कामात असले की तोंडाची भीती वाटत नाही."

बायकोनं मशीनचं नाव 'इंजिन' ठेवलं. वाफ सुटली की ती बाहेरच्या खोलीतून ओरडायची, "सुटली का गाडी? डबे लावलेत ना?"

कॉफीशी माझं हळूहळू जमलं. बी फार बारीक दळली की काढा, जाड दळली की आंबट पाणी. यामधली जागा मला बरीच भुकटी वाया घालवून सापडली. पण दूध! त्याचा फेस ओल्या रंगासारखा तुकतुकीत व्हायला हवा आणि तो कपात ओतता ओतता वर एक छानसा बदाम उमटायला हवा, पत्त्यांत असतो तसा. माझ्या कपात कधी कांदा उमटायचा, कधी बटाटा. एकदा तर आमच्या छापखान्याच्या मॅनेजरसाहेबांचा चेहरा उमटला. हुबेहूब! बायकोनंही ओळखला. तो कप आम्ही दोघांनीही प्यायला नाही.

शेवटी एक दिवस तिनं फर्मान काढलं. "अहो, घरात माणसं दोन आणि दूध येतं पाळणाघराएवढं! आजपासून दुधाची तालीम बंद!"

मी पुन्हा पुस्तकाला शरण गेलो. त्यात उपाय होता! साध्या पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा आणि त्याला वाफ द्यायची. फेस अगदी दुधासारखा होतो. खाली एकदा वापरलेल्या भुकटीचंच तपकिरी पाणी घ्यायचं. दिसायला अस्सल कॉफी. पिता येत नाही, एवढाच काय तो फरक!

हा फरक फारच मोठा आहे, हे मला व्याह्यांमुळे कळलं.

लेकीनं आपलं लग्न आपणच ठरवलं होतं. मुलगा सालस, हसरा. त्याचे वडील दातांचे डॉक्टर. घरच्यांची भेट व्हायच्या आधी आम्हा दोघा बापांनी फोनवर बोलावं, असं ठरलं. फोन लागला. ते म्हणाले, "हॅलो." मी म्हणालो, "हॅलो." मग मी पुढचं वाक्य जुळवायला घेतलं. पलीकडूनही काही येईना. बराच वेळ आम्ही एकमेकांचा श्वास ऐकला आणि फोन बंद झाला. कुणी केला, देव जाणे.

"काय म्हणाले?" बायकोनं विचारलं.

"काहीच नाही. फार शिष्ट माणूस दिसतो."

तिकडे त्यांनीही घरी जाऊन शब्दाला शब्द तेच सांगितलं! लेक माझ्यासमोर येऊन बसली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "बाबा, त्यांना वाटतंय, तुम्हाला हे लग्नच पसंत नाही. तो म्हणतो, त्याचे बाबा मनातून खट्टू झाले तर त्याला पुढे पाऊल टाकवणार नाही. उद्या ते येतील तेव्हा काहीही बोला हो, पण बोला!"

मी मान हलवली. बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. 'आपण आलात, फार आनंद झाला' हे वाक्य मी तयार केलं. त्यातला 'फार' काढला. कोरडं वाटलं, म्हणून परत घातला. जीव थाऱ्यावर यावा म्हणून साबणपाण्यावर तालीम करायला उभा राहिलो. लक्ष सगळं त्या 'फार'कडे, त्यामुळे एका थेंबाच्या जागी साबणाची धारच पडली. तरी वाफ दिली, कपात ओतलं, आणि काय सांगू! बदाम! रेखीव, डौलदार, मध्ये नाजूक चीर असलेला, माझ्या आयुष्यातला पहिला बदाम! तो मोरीत ओतायचं धैर्य मला झालं नाही. ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून मी त्याच्याकडे बघत राहिलो.

तेवढ्यात बेल वाजली. मंडळी वेळेआधीच हजर!

"अहो, आले! कॉफी लावा!" बायको धावत आत येऊन धावतच बाहेर गेली. मी ओट्याकडे पाठ करून इंजिनाला भिडलो. खऱ्या कपांत पुन्हा कांदे-बटाटेच उगवले. मागे बायको पुन्हा येऊन ट्रे भरत होती. वाफेच्या आवाजात ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. ती म्हणाली होती, "हा किती सुरेख झालाय! हा व्याह्यांना."

चावी बंद करून मी वळलो. ट्रे नव्हता. बदाम नव्हता.

मी बाहेर धावलो. एरवी पाहुण्यांपासून पळणारा माणूस पाहुण्यांकडे पळत आलेला पाहून लेक चकित झाली. व्याही खुर्चीत अंग चोरून बसले होते. टक्कल, जाड चष्मा आणि हातात माझा बदाम!

"ते... जरा..." मी म्हणालो. आणि पुढचं वाक्य जुळवू लागलो.

त्यांनी घोट घेतला. चष्म्यामागे त्यांचे डोळे हळूहळू मोठे झाले. 

"कशी झालीय?" बायकोनं हौसेनं विचारलं.

व्याह्यांनी घोट गिळला. माझ्याकडे पाहिलं. मी टक लावून त्यांच्याकडे बघत होतो.

"उत्तम," ते म्हणाले. त्या शब्दाबरोबर त्यांच्या ओठावर एक छोटासा बुडबुडा आला, थरथरला आणि फुटला.

"ऐकलंत? उत्तम म्हणाले!" विहीणबाई थक्क झाल्या. "चाळीस वर्षं माझ्या हातचं खातायत, पण 'बरंय'च्या पुढे गाडी कधी गेली नाही!"

त्यांनी दुसरा घोट घेतला. मी पुढे झालो. आयुष्यात प्रथमच न तपासलेलं वाक्य माझ्या तोंडातून निघालं. "द्या तो कप! मी दुसरा करून देतो!"

"बाबा बोलले!" लेक आईच्या कानात कुजबुजली.

"नको, नको," व्याही म्हणाले. "हाच छान आहे."

"गार झाला असेल."

"गारच आवडते."

"अहो, द्या हो!"

"असू दे हो!"

मी कपाचा कान धरला. त्यांनी बूड धरलं. मी ओढला, त्यांनी ओढला. दोघेही अत्यंत नम्रपणे, हसतमुखानं आणि जिवाच्या आकांतानं! होणारे जावई उभे राहिले. विहीणबाईंनी आपली पर्स उराशी धरली. अखेर कप माझ्या हातात आला आणि त्यात अजून अर्धा ऐवज शिल्लक होता. व्याह्यांनी तो परत घ्यायला हात पुढे केला. काय करावं सुचेना. ठेवला तर हे पिणार, ओतला तर अपमान होणार! मी कप तोंडाला लावला आणि सगळा रिकामा केला.

"अगंबाई!" विहीणबाई किंचाळल्या. "त्यांनी तुमचं उष्टं प्यायलं!"

"अहो, हे काय!" बायकोनं कपाळाला हात लावला. लेकीनं डोळे मिटून घेतले. तिचं लग्न मोडताना तिला बघवत नसावं. मला काहीतरी समजावून सांगायचं होतं, पण तोंड उघडताच उचकी लागली आणि उचकीबरोबर फेस आला.

व्याही ताडकन उठले. माझा दंड धरला. "बेसिन?" एवढंच विचारलं.

मी बोट दाखवलं. ते मला घेऊन आतल्या बोळात आले, नळ सोडला आणि एकदम त्यांच्या आवाजात जरब आली.

"चूळ भरा."

मी भरली.

"थुंका. पुन्हा भरा."

मग त्यांनी स्वतःही भरली. आम्ही आळीपाळीनं चुळा भरत होतो, रंग खाऊन आलेल्या दोन लहान मुलांसारखे!

"साबण?" त्यांनी हळूच विचारलं.

"भांड्यांचा," मी म्हणालो. "लिंबाचा."

"तरीच! मला वाटलं, हल्लीची कॉफी अशीच असेल. मला त्यातलं काही कळत नाही."

"मग प्यायलात कशाला?"

ते खाली बघत म्हणाले, "तुम्ही इतक्या आशेनं बघत होतात. टाकली असती तर तुम्हाला वाटलं असतं, आम्हाला हे घर आवडलं नाही. आधीच त्या फोनमुळे..."

"फोनवर मी वाक्य जुळवत होतो हो!"

"मीसुद्धा!"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आधी त्यांच्या नाकातून हसू आलं, मग माझ्या पोटातून. भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत आम्ही हसलो. मुलगी आमच्याकडे लाडात वाढलीय, ती अगदी लहानसहान गोष्टीनंही हळवी होते, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी सांगितलं की त्यांचा मुलगाही तसाच आहे आणि घरात दोन हळवी माणसं असली की दारं आपटायचा आवाज कमी होतो. मी इतकं कधी कुणाशी बोललो नव्हतो. हसता हसता मी तोंड वासलं आणि व्याह्यांचं हसू एकाएकी थांबलं.

"जरा आ करा," ते म्हणाले. "मोठा."

बाहेरची मंडळी हवालदिल होऊन बोळात आली तेव्हा मी भिंतीला पाठ लावून आ वासून उभा होतो आणि व्याही मोबाइलचा दिवा माझ्या तोंडात धरून, एक हात माझ्या खांद्यावर ठेवून, माझ्या एका किडलेल्या दाढेबद्दल अखंड बोलत होते.

"हे बोलतायत!" विहीणबाई माझ्या बायकोच्या हाताला बिलगल्या. "यांच्या तोंडून शब्द काढायला मला चिमटा लागतो हो! ज्याच्याशी हे असं बोलले, तो आमचा झालाच म्हणून समजा!"

लेकीनं पुढे येऊन माझ्या सदऱ्याच्या बाहीत तोंड लपवलं. बाही ओली झाली. मी आ वासलेलाच होतो, त्यामुळे मला तिच्याशी काही बोलता आलं नाही. बरंच झालं, नाहीतर मीही रडलो असतो.

निघताना व्याही दारात थांबले. "बुधवारी आमच्याकडे या."

"लग्नाचं बोलायला?" लेकीनं अधीर होऊन विचारलं.

व्याही लाजले. "ते ठरलंच," ते म्हणाले. "पण आधी दाढ काढायला."

दातांच्या डॉक्टरला पाहिलं की मी रस्ता बदलतो. पण लेक माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "येतो."

आणि गेलोही! लेकीसाठी माणूस काळीज काढून देतो म्हणतात. माझं दाढेवर भागलं. काढली ती किडकीच दाढ होती का, एवढी एक शंका मनात आहे. पण व्याही म्हटल्यावर विचारायचं कसं!