नजर रस्त्यावरच

फोन वाजला की माणसाच्या भुवया आधी हलतात, पापण्या नंतर, आणि बुबुळं सगळ्यात शेवटी वळतात. त्याआधी माणूस मनाशी 'आता बघायचं नाही' असं ठरवतो, हेही चाचणी विभागातल्या बाईंना ठाऊक होतं. कारण तेवढा एक क्षण त्याचा जबडा आवळला जातो. एवढा निर्धार झाला की मग तो बघतो. तोवर गाडी एका घरासमोरून निघून पाचव्या घरासमोर पोहोचलेली असते.

मोटारींच्या त्या कारखान्यात चालकांचे डोळे मोजणं हे बाईंचं काम होतं. किती आहेत ते नव्हे. कुठे आहेत ते. चालकाच्या नाकासमोर एक छोटा कॅमेरा बसवलेला असे आणि मागच्या सीटवर बाई मांडीवर यंत्र घेऊन बसत. नवी गाडी विक्रीला जाण्याआधी त्यांनी गाडीतच बसून, मोठ्याने 'पास' किंवा 'नापास' म्हणायचं, असा नियम होता. लिहून दिलं की त्याचे दोन अर्थ निघतात, असा कारखान्याचा अनुभव होता. या नव्या गाडीबाबत मात्र बाई कित्येक महिने एकच वाक्य म्हणत होत्या, "अजून एक चाचणी घेऊन बघू."

घाई दोघांना होती. एक विभागप्रमुख साहेब. त्यांना घाई नसलेला दिवस कुणी पाहिला नव्हता. दुसरी बाईंची धाकटी बहीण. ती नुकतीच गाडी चालवायला शिकली होती. याच गाडीची तिने आगाऊ नोंदणी केली होती आणि मागच्या बाजूला लावायची लेकाची छोटी सीटही आणून ठेवली होती. लोकांच्या बहिणी ओळखीने कामं करून देतात, माझी बहीण ओळख असून अडवते, असं ती रोज फोनवर ऐकवी. ऐकवताना तिच्या मागे हॉर्न वाजत असत. कुठे आहेस, असं बाईंनी विचारलं की म्हणे, सराव करतेय.

सुरुवात अगदी सरळ होती. वरच्या कार्यालयातून आदेश आला होता: चालकाचं लक्ष विचलित होऊ नये यासाठी फोन गाडीशी सुरक्षितरीत्या जोडलेला असावा आणि चालकाची नजर रस्त्यावर असावी. साहेबांनी लगेच फोनसाठी स्टँड बसवला. मांडीवरचा फोन डोळ्यांसमोर आला, आणि पूर्वी चोरून बघणारा चालक उजळ माथ्याने बघू लागला.

मग फोन गाडीच्या पडद्याला जोडला. पडदा मोठा, अक्षरं मोठी, म्हणजे वाचून चटकन होईल. तसं ते होऊ लागलं, म्हणून लोक जास्त वाचू लागले. तेव्हा साहेब म्हणाले, चालकाने वाचायचंच कशाला, गाडीच वाचून दाखवेल. त्या दिवशी गाडीवर मामा होते. मामा म्हणजे कारखान्याचे चाचणीचालक आणि सगळ्यांचेच मामा. गाडीने गोड आवाजात त्यांच्या मेहुण्याचा निरोप वाचला, की शिडी तुम्हीच नेली होती आणि ती अजून परत आलेली नाही. मामांनी दोन्ही हात सोडून गाडीला शिडीचा समग्र इतिहास समजावून सांगितला. गाडी म्हणाली, निरोप पाठवला आहे. मेहुण्याचं उत्तर येण्याआधी गाडी चाचणीमार्गाच्या कुंपणात शिरली होती.

"डोळे कुठे होते?" साहेबांनी विचारलं.

"रस्त्यावर," बाई यंत्र पाहून म्हणाल्या. "पण मामा शिडीवर होते."

"शिडी आदेशात नाही, बाई."

तरी खबरदारी म्हणून आणखी एक सोय झाली. नजर हटली की पडद्यावर लाल अक्षरं येत: कृपया रस्त्याकडे पाहावे. खाली प्रश्न: आपण ही सूचना वाचलीत का? त्याखाली तीन बटणं, 'हो', 'नाही' आणि 'नंतर आठवण करून द्या'. चालकांना तिसरं फार आवडलं.

मग एके दिवशी साहेब आदेश हातात घेऊन बाईंच्या टेबलाशी आले. चेहऱ्यावर गणित सुटल्याचं तेज होतं.

"नजर रस्त्यावर हवी, कबूल. पण रस्ता कुठे हवा, हे कुठे म्हटलंय?"

पुढच्याच आठवड्यात रस्ता पडद्यावर आला. गाडीच्या नाकावर कॅमेरा बसला आणि समोरचा रस्ता जसाच्या तसा पडद्यावर दिसू लागला. त्यावरच निरोप, त्यावरच फोटो. आता पडद्याकडे बघणं म्हणजेच रस्त्याकडे बघणं. बाईंच्या यंत्रावरची वेडीवाकडी रेघ गच्चीसारखी सपाट झाली. साहेबांनी सगळ्या विभागाला चहा पाजला.

एकच अडचण राहिली. काही जुन्या वळणाचे चालक अधूनमधून समोरच्या काचेतून बाहेर बघत. यंत्र इमानदारीने त्याची नोंद करी: नजर रस्त्यावरून हटली. झाडं, माणसं, समोरून येणारे ट्रक अशा फोनशी न जोडलेल्या गोष्टींत चालकाचं मन गुंततं, हे साहेबांना गंभीर वाटलं. काचेवर धुरकट कागद चिकटवण्यात आला. पडदाच बंद पडला तर काय, असं बाईंनी विचारून पाहिलं. साहेब म्हणाले, मग तर लक्ष विचलित करणारं काहीच उरलं नाही.

बाईंना ते पटत नव्हतं, पण आकडे पास म्हणत होते आणि आकड्यांविरुद्ध बोलायची त्यांना सवय नव्हती. म्हणून त्या म्हणाल्या, अजून एक चाचणी.

या चाचणीला साहेब स्वतः मामांच्या शेजारी बसले. मार्गाच्या मधोमध कापडाचा पुतळा उभा केला होता. तो माणसासारखा दिसावा म्हणून साहेबांनी त्याला आपला जुना कोट दिला होता. गाडी निघाली. सुरक्षिततेसाठी ती आत बसलेल्या प्रत्येकाचा फोन आपणहून जोडून घेत असे. त्यामुळे धाकटीने बाईंना पाठवलेला फोटो सरळ पडद्यावर उघडला. भाचा नव्या सीटवर बसला होता, डोळ्यांवर आईचा गॉगल, हातात स्टिअरिंग म्हणून ताटली. रस्ता त्याच्या मागे कुठेतरी होता.

"लबाड आहे की," मामा म्हणाले.

"मोठा करा जरा," साहेब म्हणाले.

मामांनी बोटांनी फोटो मोठा केला. बाईसुद्धा पुढे झुकल्या.

धप्प.

मामांनी ब्रेक दाबला. सगळे खाली उतरले. साहेबांचा कोट रस्त्यावर पालथा पडला होता.

"मी फक्त एकदाच बघितलं," मामा म्हणाले. साहेबही तेच म्हणाले. तिसऱ्यांदा तेच वाक्य कानावर आलं, तेव्हा तो आपलाच आवाज आहे हे बाईंच्या ध्यानात आलं.

गाडीत परतल्यावर साहेबांनी आधी यंत्र पाहिलं. एकाही क्षणी नजर हटली नव्हती. "शंभर टक्के," ते हळूच म्हणाले. "बोला बाई. एक शब्द."

पडद्यावरून गाडी बोलली, "धाकटी विचारते आहे, गाडी कधी मिळणार. उत्तर द्यायचं आहे का?"

"थांब जरा," बाई गाडीला म्हणाल्या आणि त्यांनी यंत्र बंद केलं. "साहेब, ही गाडी कुणाला द्यायची नाही, तेवढं सांगते. फोन वाजल्यावर ज्याला फक्त एकदाच बघावंसं वाटतं, त्याला."

साहेबांनी मनातल्या मनात माणसं आठवून पाहिली. घरातली, विभागातली, वरच्या कार्यालयातली, आणि उद्या ही हकिगत कुणीतरी फोनवर पाठवली तर ती लगेच उघडून वाचतील तीसुद्धा.

"मग घेणारं उरलं कोण हो?"

"उत्तर द्यायचं आहे का?" गाडीने पुन्हा विचारलं.

"द्यायचं आहे," बाई म्हणाल्या. "तिला सांग, ताई म्हणतेय, नापास."