आप्पांच्या खोलीतले पाय

आमच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत पन्नास-साठ पाय राहत होते. नुसते पाय. तळवा, टाच, बोटं, आणि त्यावर काहीच नाही. पांढरेफटक, जमिनीवर ओळीने मांडलेले, सगळ्यांचे अंगठे दाराकडे. त्यांच्याबरोबर आप्पा इंगळे राहायचे. गल्लीत म्हणायचे, कोण कुत्री पाळतं, कोण पोपट, आप्पा पाय पाळतात.

मी फिजिओथेरपिस्ट. राजारामपुरीत रस्त्याला लागून माझा दवाखाना, मागे आमचं घर, आणि दवाखान्याच्या डोक्यावर पत्र्याची एक खोली. ती आप्पांनी भाड्याने मागितली तेव्हा मी विचारलं, "सामान किती?" म्हणाले, "मी एकटा हाय वैनी. सामान काय, थोडं पाय हाईत." मला वाटलं, पाय म्हणजे खाटेचे असतील.

आप्पा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. तरुणपणी आधी तालमीत घुमले, मग क्रिकेटच्या मैदानावर. नव्वदच्या दशकात देशाच्या संघाला वेगवान गोलंदाज हवेत म्हणून वरून हुकूम निघाला की जिल्ह्याजिल्ह्यांतून उगवते गोलंदाज हुडका. आमच्या भागाचं हे काम आप्पांकडे आलं. आप्पांनी नाव कळवायचं, मग तो गोलंदाज पुण्याला जायचा, तिथून देशाच्या शिबिराला.

बाकीचे निवड करणारे चेंडू बघत, वेग मोजत, दांड्या उडाल्या की मान डोलवत. आप्पा चेंडूकडे बघतच नसत. क्रीझशेजारी उकिडवे बसून गोलंदाजाचा पुढचा पाय कुठे आणि कसा पडतो तेवढंच बघायचे. एकदा उडालेली दांडी त्यांच्या कानाजवळून गेली. पोरं ओरडली, "आप्पा, बघितलासा काय बॉल?" आप्पा म्हणाले, "मला काय ठावं! मी पाय बघालतो. हात खोटं बोलतोय लेकांनो, पाय न्हाय."

मग ठसा घ्यायचा. त्यासाठी आप्पा तालमीतली लाल माती आणत. तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळलेली ती माती लोण्यासारखी मऊ असते. ती क्रीझवर पसरायची, गोलंदाजाने अनवाणी येऊन चेंडू टाकायचा, आणि पाय उमटला की आप्पा त्यात प्लास्टर ओतायचे. वस्तादांनी माती एका अटीवर दिली होती. चेंडू टाकण्याआधी प्रत्येकाने मातीला नमस्कार करायचा. त्यामुळे इंग्रजी शाळेतली, परदेशी बूट घालणारी पोरं कपाळाला माती लावून धावत यायची आणि फलंदाजाला आपण कुस्तीला उभं आहोत की काय असं वाटायचं.

आप्पांचा अंदाज नेहमी बरोबर यायचा असं मात्र मुळीच नाही. आमच्या दूधवाल्याच्या ओल्या पावलाचा ठसा फरशीवर बघून त्यांनी त्याला मैदानावर नेलं होतं. "भावा, तू विमान हाईस, विमान!" दूधवाल्याने टाकलेला चेंडू मागे उडाला आणि मैदानाशेजारच्या शिकवणीच्या क्लासच्या खिडकीची काच फुटली. त्यानंतर महिनाभर आमचं दूध उशिरा यायचं.

उजव्या हाताने टाकणाऱ्याचा पुढचा पाय डावा, म्हणून खोलीत सगळे डावेच पाय. डावखुऱ्यांचे चार उजवे पाय फळीवर, खाली कापड घालून. "जावई हाईत ते," आप्पा म्हणायचे. "कवातरी एकादा मिळतोय."

आमची कामवाली अक्काताई त्या खोलीत एकदाच झाडायला गेली. खाली येऊन झाडू ठेवला आणि म्हणाली, "वैनीसाब, तितं मानसं हुबी हाईत. दिसत न्हाईत तेवढंच. मी झाडू कुटनं फिरवू?" मी तिला हसले. मग स्वतः गेले आणि दारातून खिडकीपर्यंत जाताना माझ्या लक्षात आलं की मी अंग चोरून चालते आहे. गर्दीत कुणाचा धक्का लागू नये म्हणून आपण चालतो तशी.

गल्लीतल्या एका काकांनी आप्पांना तोंडावरच विचारलं, "करणीबिरणी करतासा काय?" आप्पा म्हणाले, "भुताचं पाय उलटं असत्यात पावणं. माझं समदं सरळ हाईत. या, बघून जावा." काका आले नाहीत.

एका उन्हाळ्यातल्या भरदुपारी मी एका बाईच्या गुडघ्याला मशीन लावलं होतं आणि वर कुणीतरी धावलं. भिंतीपासून सुरू झालेली लांब ढांग, पाऊल जड होत गेलं, शेवटी एक दणका, आणि सगळं शांत. पुन्हा भिंतीपासून तसंच. पेशंट बाई म्हणाली, "वर पोरं खेळालीत व्हय?" मी जिना चढून गेले. बाहेरून कुलूप. आप्पा मैदानावर होते. मी पत्रा बघितला, टाकी बघितली, उंदीर-मांजर बघितलं. कारण सापडलं नाही. खाली आले आणि मशीनची वेळ वाढवून दिली. संध्याकाळी आप्पांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "डावा पाय पडला का उजवा?"

तड्यांचं प्रकरण त्यानंतरचं. इचलकरंजीच्या एका मुलाच्या पायाला, म्हणजे वरच्या पायाला, टाचेपाशी चीर गेली. आठवडाभरात तो मुलगा लंगडत माझ्या दवाखान्यात आला. टाच. पुढच्या पावसाळ्यात फळीवरच्या एका जावयाचा अंगठा तडकला, आणि त्या गोलंदाजाचा अंगठा चेंडू लागून मोडला. मी आप्पांना स्पष्ट सांगितलं की प्लास्टर दमट हवेत तडकतं, मळताना हवा राहिली की तडकतं, आणि वेगवान गोलंदाजाचे पाय असेही मोडतातच. आप्पांनी ऐकून घेतलं. पण त्यानंतर ठशाला तडा गेला की त्या गोलंदाजाचं नाव ते वर पाठवत नसत. आईबाप भांडायला यायचे. पोरं चोरून जिना चढून खिडकीतून आपला पाय बघून जायची. कुणी दाराशी नारळ ठेवला. एका बहाद्दराने तर खिडकीतून हात घालून आपल्या पायाला डिंक चोपडला.

निवडून गेलेलं मात्र कुणी तो जिना पुन्हा चढलं नाही. ना दिवाळीला, ना कधी फोन. मी एकदा बोलून दाखवलं. आप्पा म्हणाले, "सुटल्याला बॉल आन गेल्याला बॉलर, माघारी कशाला येतोय वैनी?" आणि पायांवरची धूळ पुसायला लागले.

दोन हजार सालानंतर मुलींच्या संघासाठीही उगवत्या गोलंदाज बघायचं ठरलं. वारणानगरहून शीतल कांबळे आली. वडील दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. मुलगी उंच, खांद्याने रुंद, बोलायला रोखठोक. ती टाकायला लागली तेव्हा उकिडवे बसलेले आप्पा पहिल्यांदाच उभे राहिले.

पण तालमीची माती मिळेना. त्या मातीत बाईमाणसाने पाय ठेवायचा नाही, असं वस्ताद म्हणाले. आप्पा दोनदा जाऊन आले. शेवटी माझ्याकडे आले. "वैनी, ताक हाय काय? आन हळद?" आमच्या परसात कुंडीतली माती चाळून, माझं ताक, माझी हळद घालून त्यांनी स्वतः माती मळली. शीतल बघत होती. "आप्पा, थालपीठ लावायलाय व्हय?"

"गप गं. पाय धुऊन ये."

ठसा सुंदर आला. वरून निरोप होता की सोमवारी संध्याकाळपर्यंत नाव कळवा. शीतल वयाच्या अटीत पुढच्या वर्षी बसणार नव्हती. यंदा नाव गेलं तर गेलं.

सोमवारी सकाळी आप्पा खाली आले. चेहरा उतरलेला. "वैनी, जरा वर या." शीतलच्या पायाला तडा गेला होता. करंगळीपासून टाचेकडे, केसासारखा.

"घरच्या मातीचा आहे," मी म्हटलं. "ताक जास्त झालं."

"तुमी तिचा पाय बघा."

मी तिला बोलावून घेतलं. दाबून, वळवून, उड्या मारायला लावून बघितलं, एक्स-रे काढून आणवला. काही नव्हतं. तसं आप्पांना सांगितलं. ते खोलीत पायांच्या मधोमध बसून राहिले. दुपार झाली तरी फोन केला नाही.

चारच्या सुमारास शीतल जिना चढून वर आली. मी आप्पांचा चहा घेऊन तिथेच होते. खाली तिचे वडील टँकर उभा करून थांबले होते. ती दारातच थबकली. तिची नजर ओळीच्या टोकाला गेली.

"आप्पा, ह्यो तडकल्याला पाय कुणाचा?"

आप्पांनी हात लांब करून तो पाय आपल्याकडे ओढला.

"माझा हाय न्हवं? मला समदं ठावं हाय. पोरं सांगत्यात. तडा गेला की नाव जात न्हाय." तिचा आवाज चढला. "सांगा की! बाबा खाली हुबं हाईत. त्यांना काय सांगू मी?"

पायांच्या बाबतीत आप्पा कधी खोटं बोलल्याचं मला माहीत नाही. दूधवाल्याबद्दलही ते मनापासूनच चुकले होते.

"न्हाय," आप्पा म्हणाले. "तुजा मी आत ठिवलाय. ह्यो माझा."

"तुमचा?"

"माझा पाय हाय म्हंतोय न्हवं! म्हातारा पाय, तडकायचाच की. जा, बाबाला सांग, पोरगी पुण्याला निघाली." आणि तिच्यासमोरच त्यांनी खाली येऊन माझ्या फोनवरून नाव कळवलं.

शीतल पुण्याला गेली, तिथून शिबिराला गेली, पुढच्या हंगामात देशाच्या संघात आली. तिच्या पायाला काही झालं नाही. मी म्हटलंच होतं, ताक जास्त झालं.

आप्पा मात्र ती पुण्याला गेली त्याच आठवड्यात लंगडायला लागले. पडले नव्हते, मुरगळलं नव्हतं. मी शेजारच्या गल्लीतल्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डावा पाय, करंगळीच्या मागचं हाड, बारीक चीर. डॉक्टर म्हणाले, वय झालं की हाडं ठिसूळ होतात. ते खरंच आहे. मीही पेशंटना हेच सांगते. फक्त ती चीर भरून यायला तयार नव्हती. हंगाम उलटला तरी आप्पा प्लास्टर घालूनच होते.

मुलींचे सामने तेव्हा टीव्हीवर क्वचितच लागायचे. शीतलचा एक लागला. मी आप्पांना दवाखान्यातल्या टीव्हीसमोर बसवलं, पाय स्टुलावर ठेवला. शीतल धावत आली, तिचा डावा पाय क्रीझवर पडला, आणि आप्पांनी दातावर दात दाबले. मला वाटलं, उत्साह. पुढच्या चेंडूलाही तसंच. जाहिराती लागल्या तेव्हा आप्पा निवांत. दुसऱ्या बाजूने दुसरी मुलगी टाकत होती तेव्हाही निवांत.

मी सरळ खुर्ची फिरवली. टीव्हीकडे पाठ. आवाज बंद केला. आता आप्पांसमोर नुसती भिंत होती आणि टीव्ही मी बघत होते. शीतल निघाली. धावत आली. पाय आपटला. त्याच क्षणी आप्पांचे खांदे आक्रसले आणि त्यांच्या हातांनी खुर्ची घट्ट धरली.

मी रिमोट उचलला. "आप्पा, बंद करू?"

"नको वैनी." कपाळावरचा घाम त्यांनी बाहीने पुसला. "अजून ओवर शिल्लक असंल तिची. आपटू दे की. जोरात आपटू दे."