रझियाच्या हातावरची सूज

सोमवारी मोहल्ल्यात क्षयाची तपासणी झाली आणि बुधवारी सकाळी रझियाचा डावा हात सुजला. सूज कोपराच्या खाली, जिथे टोचलं होतं बरोबर त्याच जागी होती. तांबूस, टणक आणि सारखी खाजणारी. एरवी मैमुनाने "खाजवू नको गो" म्हणून विषय संपवला असता. पण पुढच्या गुरुवारी रझियाचा निकाह होता, आणि उद्याच पावसहून तिची होणारी सासू शमीम लग्नाच्या कपड्यांची मापं घ्यायला येणार होती. मापं घ्यायची म्हणजे बाह्या वर करणं आलं. मैमुनाच्या हातातली पळी तशीच पातेल्यात राहिली.

दोष द्यायचा तर क्षयाची लस टोचत फिरणाऱ्या बीसीजीच्या पथकातल्या हरिश्चंद्राला द्यावा लागेल, आणि त्याचा दोष एवढाच की तो खरं बोलला होता. सोमवारी सगळ्या मोहल्ल्याला रांगेत उभं करून त्याने सांगितलं होतं, "आज फक्त परीक्षा. गुरुवारी येऊन हात बघेन. ज्याला सूज येईल त्याला लस नाही. ज्याला येणार नाही त्याला लस द्यायची." एवढं सांगून तो कामाला लागला आणि मोहल्ला विचाराला लागला. ज्याचा हात सुजला त्याला औषध नाही आणि जो धडधाकट आहे त्याला औषध, हे कुठलं शास्त्र? शेवटी नारळवाल्या गोदूबाईने उलगडा केला.

"अगो, सोपा हाय. ज्याला सूज आली त्याचा सगळा हाताबाहेर गेला. त्याच्यावर लस फुकट कशाला घालवतील?"

भाट्याच्या खाडीकाठच्या त्या मोहल्ल्यात १९५४ साली गोदूबाईचं बोलणं म्हणजे कोर्टाचा निकाल. बुधवारी तिने रझियाचा हात बघितला, जीभ टाळ्याला लावून "च् च्" केलं आणि म्हणाली, "आमच्या लवूच्या मेव्हणीला शेवटी मिरजेला क्षयाच्या इस्पितळात न्यायला लागली."

"तिचा पण हात सुजला होता?" मैमुनाने विचारलं.

"हाताचा काय मला ठाव नाय. पण मिरजेला नेली, एवढा खरा."

झालं. मैमुनाने दार लावून घेतलं. शमीमचा मुलगा जमाल बोटीवर कामाला, निर्व्यसनी, स्वभावाने गरीब. असं स्थळ पुन्हा मिळायचं नाही. शमीम मात्र अशी बारकाईची बाई, की पापलेट घेतानासुद्धा त्याचे कल्ले तीनदा उघडून बघणार. तिने ही सूज बघितली तर सोयरीक तिथल्या तिथे मोडणार.

"आये, मला काय झालेला नाय," रझिया म्हणाली. "खोकला नाय, ताप नाय, पोटभर जेवते. खाज तेवढी सुटते."

खाज म्हटल्यावर मैमुनाच्या डोक्यात उजेड पडला. अंगावर खाजरं आणि तांबडं उठलं की आपल्याकडे ते पित्तच. आणि पित्त म्हटलं की कोकमाचं आगळ. तिने फळीवरची बरणी काढली आणि रझियाच्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत आगळ चोळलं. सूज तसूभर हलली नाही. उलट आधी नाणं झाकेल एवढीच जागा लाल होती, ती आता अख्खा हात झाली.

रझियाचा बाप मजीद होड्या बांधणारा सुतार. दिवसाला दहा शब्द बोलायचा. त्यातला एक त्याने इथे खर्च केला. "शाबास!"

"तुम्ही गप ऱ्हावा," मैमुना म्हणाली. पण त्या 'शाबास'नेच तिला पुढची वाट दिसली. एकट्या रझियाचा हात लाल दिसला तर तो डोळ्यात येणार. सगळ्यांचेच लाल असले तर कोण कुणाचा बघतो? दुपारपर्यंत तिने घरोघर जाऊन सांगितलं की त्या टोचणीने पित्त उसळतं, आणि आजच आगळ लावलं नाही तर ते डोक्यात चढतं. ज्यांचे हात सुजले होते त्यांनी तर लावलंच, पण ज्यांचे सुजले नव्हते त्यांनी जास्तच लावलं. संध्याकाळी मोहल्ल्यात सोलकढीपुरतंसुद्धा आगळ शिल्लक नव्हतं.

गुरुवारी सकाळी शमीम खाडी ओलांडणाऱ्या तरीतून उतरून मोहल्ल्यात शिरली ती थबकलीच. ओट्यावर, अंगणात, विहिरीवर जो तो लाल हात घेऊन बसलेला.

"काय गो विहीणबाय," ती म्हणाली, "लग्न रझियाचा, आणि मेंदी सगळ्या मोहल्ल्याने लावली की काय?"

मैमुना उत्तर शोधत होती तेवढ्यात मागून हरिश्चंद्र आला. त्याने ते हात बघितले आणि पेटी खाली ठेवून तो मटकन ओट्यावर बसला. पोरगा नोकरीत नवा होता. वह्या भरून दुपारी डॉक्टरांना दाखवायच्या होत्या आणि इथे कुणाचं काय लाल झालंय हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

"हे काय लावलंत तुम्ही?"

"आगळ," पन्नास माणसं एकदम म्हणाली.

हरिश्चंद्राने कपाळावर हात मारला. मग क्षणभर विचार करून तो उठला, हात स्वच्छ धुतले आणि पहिल्या माणसासमोर बसून त्याने चक्क डोळे मिटले. तर्जनी हलक्या हाताने त्या लाल कातडीवरून फिरवली, थांबला, पुन्हा फिरवली. "शून्य." दुसरा हात. "नऊ." डोळे उघडून पट्टी लावली, तर बरोबर नऊ मिलिमीटर! हळूहळू मोहल्ला भोवती गोळा झाला. दिवसभर लाकडावरून हात फिरवून गाठ कुठे आहे ते सांगणारा मजीद तर जागचा उठून पुढे येऊन उभा राहिला. अशी बोटं त्याने आपल्या धंद्याबाहेर प्रथमच बघितली होती.

"लाली आम्ही धरतच नाही," हरिश्चंद्र डोळे मिटूनच म्हणाला. "आतला टणकपणा धरतो. तो कोकमाने येत नाही आणि कोकमाने जात नाही."

हे ऐकून मैमुना रझियाची बाही खाली ओढायला लागली. रझियाची पाळी आली. बोट फिरलं, थांबलं, परत फिरलं.

"चौदा. हिला लस नको."

शमीम कमरेवर हात ठेवून उभीच होती. "म्हणजे हिला सूज हाय?"

"आहे ना. चांगली आहे."

"मैमुना, हे माझ्यापासून लपवलास?" शमीमने बरोबर आणलेलं कपड्यांचं बोचकं उचललं. "मी जाते. माझ्या पोराला आजारी बायको नको."

मैमुना रडायलाच लागली. हरिश्चंद्र गोंधळून एकीकडून दुसरीकडे बघत होता. "आजारी कोण? अहो बाई, थांबा! पावसच्या ना तुम्ही? कलमांची बाग आहे?"

"हाय. त्याचा हितं काय?"

"बागेला राखणदार असेल. समजा, एकदा चोर आला आणि राखणदाराने त्याला नीट बघून ठेवला. पुढे कुणी नुसती त्या चोराची टोपी कुंपणावर टाकली, तर राखणदार काय करील?"

"बोंब मारील. माणसं गोळा करील."

"बस्स! माणसाच्या रक्तात असे पांढरे राखणदार असतात. क्षयाचा जंतू कधीतरी अंगात येऊन गेला की ते त्याला जन्मभर ओळखतात. सोमवारी मी चोर नाही सोडला, फक्त चोराची टोपी ठेवली. हिच्या राखणदारांनी ती ओळखली, बोंब मारली आणि माणसं गोळा केली. ती गर्दी म्हणजे ही सूज. माणसं जमायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून तर मी आज आलो."

"आणि ज्यांना सूज नाय?"

"त्यांच्या राखणदारांनी चोर बघितलेलाच नाही. त्यांना लशीतून आम्ही एक दात पडलेला, थकलेला चोर दाखवतो. त्याच्यावर ते शिकतात." मग त्याने रझियाला खोकला, ताप, वजन सगळं विचारलं आणि वहीत लिहिलं. "हिला काहीएक झालेलं नाही. पुढे कधी खोकला लांबला तर दवाखान्यात यायचं, एवढंच."

या राखणदारांना पुढे शास्त्रज्ञांनी टी पेशी असं नाव दिलं. तेव्हा ते बिचारे बिननावाचेच राबत होते. मोहल्ल्यातला जो तो आपल्या हाताकडे असा बघायला लागला, जसं काही तिथे नवा पाहुणा राहायला आलाय. माणूस काल काय जेवला ते विसरतो, आणि त्याचं रक्त मात्र कधीकाळी आलेल्या चोराचा चेहरा ध्यानात ठेवतं! ज्यांचे हात सुजले होते त्यांच्या माना ताठ झाल्या. गोदूबाई "मी पहिल्यापासून सांगत होते" म्हणाली.

शमीमने बोचकं हळूच खाली ठेवलं. तेव्हा मजीदने तोंड उघडलं.

"मग जमालचा काय?"

"जमालचा काय म्हणजे?"

"त्याच्या राखणदारांनी चोर बघितलाय की नाय? आमची पोर तपासलेली हाय. पोरगा तपासल्याबिगर आम्ही देत कसे?"

"मामू, सूज नसली तरी बिघडत नाही, लस देतो की मी," हरिश्चंद्र सांगत राहिला. पण आता ऐकतो कोण? मैमुनाने डोळे पुसले होते आणि तीसुद्धा कमरेवर हात ठेवून उभी होती.

पथक शनिवारी पावसला गेलं. शमीमने जमालला सगळ्यात पुढे उभा केला. त्यानंतरचे तीन दिवस त्या पोराला जेवताना, झोपताना, मशिदीतून येताना एकच प्रश्न होता.

"खाजतंय?"

"नाय गो आये."

"जरा तरी?"

मंगळवारी हरिश्चंद्राने डोळे मिटले, बोट फिरवलं आणि म्हणाला, "बारा." शमीमने अख्ख्या आळीत साखर वाटली.

निकाह ठरल्या दिवशी, गुरुवारी, थाटात लागला. बायकांच्या खोलीत शमीम येईल त्या बाईला सांगत होती, "आमच्या जमालची बारा मिलिमीटर! साहेबाने डोळे मिटून सांगितली."

मैमुना रझियाच्या डोक्यावरचा पदर सारखा करत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "आमच्या पोरीची चौदा."

शमीमचा चेहरा पडला. मैमुनाने तिच्या हातावर आपला हात ठेवला.

"असू दे हो विहीणबाय. नवरा दोन मिलिमीटर कमी हाय म्हणून आम्ही काय सोयरीक मोडणारे नाय."