अण्णांचा पब्लिक इश्यू

गणेश चवथीनंतरचा रविवार, सकाळ. पाळी, अण्णांच्या घराची ओसरी. हजर : अण्णा, शेजारीण मी सुलभा आणि माझा नवरा दत्ता. गैरहजर : अण्णांचा मुलगा विनय (कोरगाव) आणि मुलगी मंदा (मुरगाव). विषय : अण्णांनी काढलेला स्वतःचाच पब्लिक इश्यू.

विषय चुकून लिहिलेला नाही. अण्णा खाण कंपनीच्या शेअर खात्यात होते. कंपनीने पब्लिक इश्यूत लोकांना शेअर विकायला काढले तेव्हा प्रॉस्पेक्टसची, म्हणजे माहितीपत्रकाची, कच्ची प्रत तेच तपासायचे. खाण बंद पडली, खाते मिटले, अण्णांचे तपासणे उरले. मी नवा मिक्सर आणला तर त्याची पुस्तिका चाळत म्हणाले, "जोखीम खंयच्या पानार?" विनयच्या लग्नाच्या बोलणीत मुलीकडच्यांना त्यांनी चहाआधी सांगितले, "आमचो चेडो रातभर घोरता. आदीं सांगलेलें बरें."

अण्णांची बायको, आमच्या काकी, गेल्या आणि अण्णा एकटे राहिले. पावसात अंगणात घसरून पडले, तेव्हा दत्ता म्हणाला, "पोरांकडे जा आता."

"आपणच कसो वचूं?" न बोलावता जाणे अण्णांना पटेना. "रीतसर ऑफर काडटां."

आणि खरेच काढली. लीड मॅनेजर मी; म्हणजे विनय-मंदाला प्रती पाठवणे आणि चहा. रजिस्ट्रार दत्ता, अर्ज घेणे आणि वाटप करणे. इश्यूचा हेतू : दोन वेळचे जेवण आणि बोलायला माणूस. जोखीम : ऐकू कमी येते. पेपर आधी मलाच लागतो. मीठ कमी पडल्यास बोलून दाखवतो. सकाळी चहा दोघांचा करतो, एक कप निवतो.

शेवटच्या कलमावर दत्ता अडला. "अण्णा, हे गाळूया?"

"लपयलें तर गुन्हो, दत्ता."

अंडररायटरची जागा मात्र कोरी होती. लोकांनी न उचललेले शेअर मी घेईन, अशी आधीच हमी देणारा तो अंडररायटर. मी विचारले तर अण्णा हसले. "सुलभाबाय, इश्यू भरून व्हांवतलो! दोगांय भुरग्यांचे अर्ज आयले तर स-स म्हयने. वाटपाचो नेम फाटल्या पानार आसा." मी पान उलटले; मागे लिहिले होते, दोघा मुलांकडे सहा-सहा महिने.

अर्ज घेऊन दोघांनी यायचा दिवस हा रविवार. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मंदाला आवडतात म्हणून पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, गरम उंडे पाव घेतले. दोघांसाठी आमच्या दोन खुर्च्या नेऊन ओसरीवर मांडल्या.

आधी विनयचा फोन आला. बागेत रान काढायला गडी आलेत, जमणार नाही. मग मंदाचा. फ्लॅट लहान, पुढे बघू.

अण्णांनी तिला एवढेच विचारले, "जोखीम वाचली मगो?"

"वाचली, बाबा."

"मग जालें."

जेवणवेळ होईपर्यंत ते फाटकाकडे बघत बसले. मग उठले. "इश्यू बंद. किमान भरणो जालो ना." ठरल्याइतके अर्ज आले नाहीत तर इश्यू रद्द, हा त्यांच्या खात्यातला नियम. "नेमाप्रमाण सगळ्यांचें सगळें परत." आणि आमची एक खुर्ची उचलून आमच्या घराकडे निघाले.

मी दत्ताकडे पाहिले. त्याने होकाराची मान हलवली.

"अण्णा, अंडररायटर म्हणून आमचे नाव घाला."

ते खुर्चीसकट थांबले. "ती सही इश्यू उगडचे आदीं करची पडटा, बाय. मागीर केली तर ती हमी न्हय. ती दया."

"मग नवा इश्यू काढा," मी म्हटले. "आम्ही आधी सही करतो."

अण्णा खुर्ची हातात धरूनच उभे होते.

"नव्यांत आदलो इश्यू पडलो, तेंय लिवचें पडटलें."

"लिहा."

ते अजून लिहीत आहेत. रोज विचारले की म्हणतात, मसुदा तपासतोय. अण्णांना द्यायच्या आमच्या मागच्या खोलीत नारळ भरलेत. ती रिकामी करायची राहिली आहे.