मंजूभाभी आणि खरखर

मंजूभाभींच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एक बाई पिवळी साडी हातात धरून उभी होती. जांभळे काठ, लाल पदर. भाभींनी साडीकडे एक नजर टाकली आणि माळ्यावरच्या नोकराला सांगितलं, "मगन, यातली अजून एक दे. चार हजार सातशेवाली."

त्या बाईने साडी अलगद गादीवर ठेवली. "इतली महाग? मंग ऱ्हाऊ द्या," म्हणत ती चपला शोधायला लागली.

गल्ल्यावरून भाभींचे यजमान हस्तीमलशेठ बायकोकडे बोट दाखवत खणखणीत आवाजात म्हणाले, "ताई, बठा. ती किंमत नही शे. हाई बाई साडी दखत नही, रंग मोजस."

शहाद्यात हस्तीमलशेठच्या शेजारी राहायला आलो तेव्हा मला याचा अर्थ लागला. इलेक्ट्रॉनिक सर्किटात रेझिस्टर नावाचा तांदळाएवढा भाग असतो. त्याच्यावर आकडे लिहायला जागा नसते, म्हणून रंगीत पट्टे असतात. पिवळा म्हणजे चार, जांभळा म्हणजे सात, तिसरा लाल म्हणजे पुढे दोन शून्यं. भाभींच्या डोळ्यांत हे पट्टे असे बसलेत की त्यांना साड्यासुद्धा तशाच दिसतात. माझ्या बायकोच्या हिरव्या साडीला निळे काठ आणि तपकिरी पदर आहे. आता आमच्या घरातही तिला 'पाचशे साठ' म्हणतात.

दुकानाच्या मागच्या बाजूला फॉल-पिकोचं मशीन आहे. त्या टेबलाचा अर्धा भाग मशीनचा, अर्धा भाभींचा. त्यांच्या अर्ध्या भागावर सोल्डरिंगची तापलेली सळई, तारांची भेंडोळी आणि पापडाच्या डब्यात ठेवलेले चिमुकले भाग. एका साडीला सळईचा डाग पडल्यापासून शेठजींनी टेबलावर मधोमध खडूची रेघ ओढून दिली होती. रेघेच्या पलीकडे साडी न्यायची नाही आणि अलीकडे सळई आणायची नाही.

हे वेड लागलं एका लग्नसराईत. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, वीज गेलेली, आणि इन्व्हर्टरने मान टाकलेली. मेकॅनिक 'निघालोच' असं फोनवर सांगत राहिला आणि आला नाही. शेवटी भाभींनी स्वतः झाकण उघडलं. आत वीज साठवणारा एक कपॅसिटर भिजलेल्या हरभऱ्यासारखा टम्म फुगलेला होता. एवढा वेळ सगळं दुकान अंधारात बसलंय ते या एकामुळे, हे त्यांना इतकं आवडलं की त्या रात्री त्या जेवल्याच नाहीत, मोबाईलवर व्हिडिओ बघत बसल्या. असं शेठजी सांगायचे, आणि सांगताना वर बघून हात जोडायचे.

मग प्रयोग सुरू झाले. दूध उतू जायच्या आधी वाजणारी घंटा केली. ती कढीलाही वाजायची आणि भाताच्या वाफेलाही. दारात गिऱ्हाईक आलं की टुंग वाजावं म्हणून प्रकाशाची एक अदृश्य रेघ लावली. तळोद्याच्या, तोरणमाळच्या बायका बाजाराच्या दिवशी एकामागून एक आत यायला लागल्या की दुकानात देवळासारखी घंटा चालू. मधेच एखादी शेळी डोकावायची, तिलाही टुंग. भाभींनी रेघ वर सरकवली. शेळ्या सुटल्या, पण बुटकी गिऱ्हाईकं बिनआवाजी आत येऊ लागली.

हसायचे दिवस होते ते. पण भाभी एखादी बंद पडलेली वस्तू पुढ्यात घेऊन बसल्या की माझं हसू आपोआप थांबायचं. मी लोणखेड्याला शाळेत मराठी शिकवतो. फ्यूज बदलायलाही मला धीर लागतो. आमचा रेडिओ बिघडला तेव्हा मी तो भाभींकडे नेला. त्यांनी हातच लावला नाही. आधी विचारलं, "बंद पडला तेव्हा गरम होता का? आधी आवाज बारीक झाला, की एकदम गेला? कोणी हलवला होता?" वैद्य नाडी बघतो तसं. मग म्हणाल्या, "पहिले ग्राउंड बघू."

हा त्यांचा मंत्र. ग्राउंड म्हणजे सर्किटातली ती तार, जिच्याशी बाकी सगळ्यांचं नातं असतं. ती सुटली तर प्रत्येक भाग धडधाकट असूनही सगळे वेड्यासारखं वागतात. ग्राउंड बघून झालं की भाभी सर्किट मनातल्या मनात मधोमध तोडायच्या. इथपर्यंत आवाज येतोय? येतोय. म्हणजे दोष पुढच्या अर्ध्यात. मग त्याचा अर्धा, मग त्याचाही अर्धा. शेवटी त्यांचं बोट एका ठिकाणी थांबायचं आणि दोष तिथेच असायचा. भिंगातून बघितल्यावर मला तिथे केसाएवढी चीर दिसायची. एवढ्या जंगलातून ही बाई त्या एका चिरेपर्यंत कशी गेली, याचं मला आजही नवल वाटतं.

त्याच सुमारास शेठजींच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाजाची नस दुखावली गेली. बसस्टँडवरच्या बायकांना दुकानात खेचून आणणारा तो आवाज गेला आणि नुसती हवा उरली. शेठजी गल्ल्यावर बसायचे, हसायचे, बोटांनी भाव सांगायचे. हळूहळू त्यांनी दुकानात येणं कमी केलं. मुलगी लग्न होऊन सुरतेला; घरात दोघंच. भाभींना हाक मारायची तर ते स्टीलच्या ग्लासवर चमचा वाजवायचे. आमच्या भिंतीपलीकडून तो टणटण आवाज यायचा आणि पाठोपाठ भाभींचं "आले, आले."

मुलीने आवाज मोठा करायचं तयार यंत्र पाठवलं. तोंडापुढे माईक, कमरेला भोंगा. त्यातून शेठजींच्या शब्दांपेक्षा श्वासच मोठा यायचा, कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात असावी तसा. पहिल्याच गिऱ्हाइकाने "शेटना जीव घाबरी ऱ्हायना का?" असं विचारलं. शेठजींनी यंत्र काढून कपाटात ठेवलं.

भाभी म्हणाल्या, "ते सगळ्या माणसांसाठी बनवलंय. मी यांच्यासाठी बनवते."

पुढचे महिने त्या शेठजींना फक्त ऐकत होत्या. त्यांना पेपर वाचायला लावायचा, मोबाईलवर ध्वनिमुद्रण करायचं आणि त्यातला श्वास कुठे, शब्द कुठे ते शोधायचं. श्वासाचा जाड आवाज अडवायचा आणि शब्दाचा बारीक आवाज सोडायचा, अशी चाळणी त्यांनी सर्किटात बसवली. ती जमेपर्यंत माईक आणि भोंगा लावलेले, खिशात मावणारे तीन-चार डबे फुकट गेले. एक डबा नुसता शिट्टी मारायचा, दुसऱ्यात शेजारच्या मोटरसायकली ऐकू यायच्या.

शेवटी एक डबा घरात छान चालला. शेठजींनी तो लावून चहा मागितला आणि ते मला भिंतीपलीकडे स्पष्ट ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी दुकानात नेला तर बोलता बोलता मधेच खरखर. घरी आणला, खरखर बंद. दुकानात नेला, पुन्हा खरखर. शेठजींनी हाताने खूण केली, राहू दे.

भाभींनी राहू दिलं नाही. पंखा बंद केला, ट्यूबलाइट काढली, बाहेरच्या रसवंतीवाल्याला थोडा वेळ मशीन थांबवायची विनंती केली. खरखर तशीच. मी शाळेतून येत होतो, मलाही आत ओढलं. "सर, तुम्ही शेठजींसमोर बसा आणि साड्या मागा."

मी साड्या मागायला लागलो. शेठजी डब्यातून भाव सांगत एकेक उलगडून दाखवत होते. भाभी डोळे मिटून उभ्या. सुती साडी आली. आवाज स्वच्छ. दुसरी सुती, तरीही स्वच्छ. तिसरी चमकती नायलॉनची होती. शेठजींनी ती झटकून पसरली आणि डब्यातून खर्र झालं.

भाभींनी डोळे उघडले. "नायलॉन," त्या हळूच म्हणाल्या. "उन्हाळा कोरडा. नायलॉन झटकलं की त्याच्यात वीज उठते. माईकची तार ती पकडते."

मी थक्क होऊन बघत राहिलो. एवढी वर्षं त्या साड्या विकत होत्या आणि एवढी वर्षं सर्किटं जोडत होत्या. दोन्हींची गाठ अशी पडेल असं कोणाला वाटलं होतं? भाभींनी तारेचं टोक उकललं. माईकच्या तारेभोवती बाहेरची वीज अडवणारी जाळी होती, पण जाळीचं टोक ग्राउंडवरून निसटलेलं होतं. त्यांनी ते पुन्हा जोडलं, सोल्डर थंड होईपर्यंत फुंकर मारत थांबल्या आणि डबा शेठजींच्या खिशात ठेवला.

"बोला."

दुकानात तेव्हा दोन-तीन बायका होत्या, मगन माळ्यावर होता, मी समोर होतो. शेठजी काहीतरी दुकानदारीचं बोलतील असं मला वाटलं. त्यांनी नायलॉनची साडी मुद्दाम जोरात झटकली, भाभींकडे बघितलं आणि म्हणाले, "मंजू."

आवाज थोडा पातळ होता, पण त्यांचाच होता. खरखर नव्हती.

भाभींनी खाली वाकून डब्याचं झाकण उघडलं. आतला स्क्रू फिरवायला त्यांनी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. "जरा जाड येतोय," त्या म्हणाल्या. "पुन्हा बोला."

"मंजू."

"अजून एकदा. टेस्टिंग आहे."

"मंजू."

मी बाजूलाच बसलो होतो, म्हणून मला दिसलं. स्क्रूड्रायव्हर नुसताच हातात होता, तो स्क्रूला लागलेला नव्हता. भाभींची मान खालीच होती. शेठजींनाही ते दिसत असावं, कारण त्यांनी साडी बाजूला ठेवली आणि कोणी सांगायच्या आधीच, पहिल्यापेक्षा सावकाश, पुन्हा हाक मारली.