तांब्याची वेणी आणि सहाचा फोन

"वेणीला बोट लावायचं नाही आणि ती उघड्यावर टाकायची नाही. काम झालं की पिशवीत, पिशवीचं तोंड बंद, आणि आत ती ओल शोषणारी सिलिकाची पुडी. ऐकतेयस ना, घाईबाई?"

मास्तर वर्कशॉपमध्ये हे म्हणाले, तेव्हा घाईबाई कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिला बस गाठायची होती. "सर, तांब्याची फीत आहे ती. दूध थोडंच आहे नासायला!" असं म्हणून तिने दप्तर खांद्याला लावलं. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "दूध नासलं तर वास तरी येतो," एवढंच बोलून ते पुढच्या टेबलाकडे वळले.

ही वेणी म्हणजे बारीक तांब्याच्या तारांची विणलेली चपटी फीत. सर्किटवरचा जुना भाग काढायचा असला की त्याच्या पायाशी घट्ट बसलेल्या सोल्डरवर, म्हणजे जोड देणाऱ्या मऊ धातूवर, ती ठेवायची आणि वरून तापलेलं आयर्न, म्हणजे डाग द्यायचं हत्यार, टेकवायचं. सांडलेलं पाणी फडक्यात चढावं तसं वितळलेलं सोल्डर फितीत चढतं. दुकानात तिला विक म्हणतात; मास्तर वेणी म्हणत, म्हणून त्यांचे सगळे विद्यार्थीही वेणीच म्हणत. तिच्या तारांना फ्लक्सचा, म्हणजे राळेसारख्या चिकट पदार्थाचा, पातळ लेप असतो. लेप जागेवर आणि तांबं लख्ख, तोवर ती शहाण्यासारखी वागते. हवा, ओल आणि घामेजलेली बोटं लागली की रुसते, आणि एकदा रुसली की आयर्नखाली ढिम्म पडून राहते.

घाईबाईला हे सगळं तोंडपाठ होतं. परीक्षेत तिने ते लिहिलंही होतं.

पुढे तिचं लग्न झालं, मुलगी झाली, आणि बसमागे धावणारी घाईबाई एका रात्रीत जगातली सगळ्यात सावध बाई बनली. पिटुकली रांगायला लागल्या दिवशी तिने घरातली दुरुस्तीची सगळी सामग्री तपासली. सिलिकाची पुडी? पोरीने गिळली तर! टाकली. प्लॅस्टिकची पिशवी? तोंडावर ओढून घेतली तर! टाकली. उरलं वेणीचं उघडं रीळ. ते तिने घरातल्या सगळ्यात उंच फळीवर ठेवलं. ती फळी स्वयंपाकघरात होती, शेगडीच्या बरोबर वर. वर्षभर वेणीने भाताची वाफ घेतली, डाळीची वाफ घेतली, पिटुकलीच्या बाटल्या उकळल्या त्याची तर दिवसातून तीनदा घेतली.

आणि एका दुपारी मास्तरांच्या खालच्या मजल्यावरची शेजारीण दारात उभी राहिली. तिच्या हातात एक डबी आणि एक चिठ्ठी होती. डबी म्हणजे मास्तरांचं कानाचं यंत्र. खिशात ठेवायचं, वायर कानात घालायची, असं जुन्या पद्धतीचं. चिठ्ठीत वाकडंतिकडं लिहिलं होतं: "आवाजाचं बटण गेलं आहे. नवीन बटण सोबत. माझे हात हल्ली थरथरतात, तू कर. सहाला लेकीचा फोन येतो. आठवड्यातून एकदाच येतो."

घाईबाईला गलबलून आलं. पिटुकली झाल्यापासून ती मास्तरांकडे एकदाही गेली नव्हती. दोन गल्ल्या पलीकडे तर राहतात! तिने घड्याळ पाहिलं. तीन वाजले होते आणि पिटुकली आतल्या खोलीत झोपली होती. बटणाचे तीन पाय सोडवायचे, नवीन बसवायचं. अर्ध्या तासाचं काम.

"सहाच्या आत वाजवून दाखवते," असं म्हणत तिने पदर खोचावा तशी ओढणीला गाठ मारली आणि खिडकी उघडून टेबलाशी बसली.

पहिले दोन पाय तिने आयर्नचं टोक फिरवून, फुंकर मारून, कसेबसे मोकळे केले. तिसरा पाय रुंद पट्टीला चिकटलेला. तिथे वेणीशिवाय इलाज नव्हता. तिने स्टुलावर चढून रीळ काढलं आणि तिथेच थबकली. वेणी चहाच्या गाळासारखी काळपट झाली होती.

"असू दे, टोक तेवढं खराब असेल," तिने स्वतःला सांगितलं आणि बोटभर तुकडा कापला. पुढचाही काळा. मग वीतभर कापला. तोही काळा. तशीच टेकवून पाहिली. सोल्डर वितळलं, चकाकलं, आणि वेणीच्या अंगाला अंग न लावता तिथेच बसून राहिलं.

एवढ्यात सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "काय गं, तांबं काळवंडलंय होय? एवढ्यासाठी डोळ्यांत पाणी? आण इकडे."

"आई, थांबा, त्याला..."

"चाळीस वर्षं भांडी घासलीत मी. तू मला तांबं शिकवू नकोस."

घाईबाईने थांबवायला हवं होतं. पण आतून पिटुकलीचा आवाज आला आणि ती तिकडे धावली. मुलीला थोपटून परत येईपर्यंत सासूबाईंनी लिंबू-मिठाने वेणी अशी घासली होती की दागिन्यांच्या दुकानात ठेवली असती तरी खपली असती.

"बघ! आहे की नाही लख्ख?"

लख्ख होती. ओली होती. आणि लेपाचा शेवटचा कणही त्यातून धुऊन निघाला होता. घाईबाईने ती केस वाळवायच्या यंत्राने कोरडी केली आणि टेकवली. मघाशी वेणी नुसती रुसली होती, आता तिने ओळखच दाखवली नाही.

"फ्लक्स लावलं तर चालेल," घाईबाई दात आवळून म्हणाली. हार मानायची नाही, हे तिने ठरवलं होतं. "आई, इथे एक पिवळट मलमाची छोटी डबी होती, पाहिलीत?"

सासूबाई एकदम खिडकीबाहेर पाहू लागल्या.

"आई?"

"अगं, मला वाटलं टाचांचं आहे."

"टाचांचं?"

"भेगांवर लावायचं. महिनाभर लावतेय."

"सगळं संपलं?"

"संपलं की. तरी म्हटलं हे असलं कसलं मलम! भेगा तशाच, आणि सकाळी उठले की चादर पायाबरोबर येते."

घाईबाईने सासूबाईंच्या टाचांकडे पाहिलं. क्षणभर, फक्त एक क्षणभर, वेणी तिथे घासून आणावी असा विचार तिच्या मनात येऊन गेला. तिने तो हाकलला.

पावणेपाच झाले होते. दुकानाला साप्ताहिक सुट्टी. यंत्राचं बटण दोन पायांनी सुटलेलं, एका पायाने अडकलेलं. आता जुनंही चालणार नाही आणि नवंही बसणार नाही. ओढून काढावं तर खालची पट्टीच उखडायची. चांगली वेणी या भागात एकाच माणसाकडे असणार. तिने मास्तरांना फोन लावला.

फोन वाजत राहिला. तिने पुन्हा लावला. सात वेळा लावला.

"आई, सर फोन उचलत नाहीत."

"झोपले असतील."

"सर दुपारी कधी झोपत नाहीत. एकटे असतात हो. वय झालंय. पडले असतील तर? बाथरूममध्ये?" तिने आठव्यांदा लावला. "मी निघाले."

उघडं यंत्र आणि नवीन बटण तिने पिटुकलीच्या खाऊच्या डब्यात ठेवलं, पिटुकलीला कडेवर घेतलं आणि निघाली. "मीही येते, तू एकटी काय करणार," म्हणत सासूबाई मागून. त्यांच्या चपला टाचांना चिकटून दर पावलाला चटक-चटक वाजत होत्या.

मास्तरांच्या दाराशी घाईबाईने घंटेचं बटण दाबलं ते सोडलंच नाही. आत घंटा घणघणत होती. दार बंद. खालची शेजारीण वर आली.

"काय झालं गं?"

"सर दार उघडत नाहीत! तुम्ही कधी पाहिलंत त्यांना?"

"दुपारी. यंत्र दिलं माझ्याकडे, तेव्हाच. त्यानंतर खाली नाही उतरले." शेजारणीचा चेहरा उतरला. "आणि नेहमी टीव्ही लावतात मोठ्याने. आज तोही नाही."

झालं! सासूबाईंनी भिंतीला हात टेकला. घाईबाईने नवऱ्याला फोन केला. तो ऑफिसमधून निघालाच होता, तो वाटेत किल्लीवाल्याला स्कूटरवर मागे बसवून घेऊन आला. तोवर साडेपाच होत आले होते. सगळ्यांनी मिळून दार बडवलं. पिटुकलीला हा खेळ फार आवडला. तीही दोन्ही हातांनी बडवू लागली.

"थांबा!" नवरा नाक वर करून म्हणाला. "कसला तरी जळका वास येतोय."

"अरे देवा, गॅस!" शेजारीण ओरडली.

घाईबाईने फटीशी नाक नेलं. गॅस नव्हता. हा वास तिने कुठेही ओळखला असता. तीन वर्षं तिने तो वर्कशॉपमध्ये हुंगला होता. तापलेल्या राळेचा. "हा तर..." ती म्हणेपर्यंत किल्लीवाल्याने हत्यार कुलपात घातलं, आणि त्याच क्षणी दार आतून उघडलं. किल्लीवाला हत्यारासकट आत गेला.

समोर मास्तर. पायांत चपला, डोक्यावर टोपी, हातात तोंड बंद केलेली एक प्लॅस्टिकची पिशवी. त्यांनी पाच माणसांकडे आणि एका पिटुकलीकडे पाहिलं.

"काय झालं?" ते खणखणीत आवाजात म्हणाले. "कोण गेलं?"

"अहो सर, घंटा वाजवतोय आम्ही! केव्हापासून!"

"काय?"

"घंटा! आणि फोन का नाही उचललात?"

"फोन सहाला येतो!" मास्तरांनी तिला समजावलं.

किल्लीवाला कपडे झटकत उठला. "बाई, यांना ऐकू येत नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं?"

शेजारणीने हळूच घाईबाईकडे पाहिलं, घाईबाईने हातातल्या खाऊच्या डब्याकडे.

"ठाऊक होतं," ती म्हणाली. "यांचे कान माझ्याकडे आहेत."

नवऱ्याने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

मास्तरांनी मात्र पिशवी पुढे केली. आत वेणी होती. दुकानातली नव्हे, जुन्या अँटेनाच्या वायरीतली तांब्याची जाळी सोलून, चपटी करून, वितळलेल्या राळेत बुडवून केलेली, जरा वेडीवाकडी, आणि सोबत सिलिकाची पुडी. "यंत्र पाठवल्यावर आठवलं," ते म्हणाले, "तुझी वेणी काळी पडलेली असणार. म्हणून ही करत बसलो. हात ऐकत नाहीत, त्यामुळे वेळ लागला. तुझ्याकडेच निघालो होतो."

घाईबाईने आता काही बोलून उपयोग नव्हता. ती सरळ आत जाऊन त्यांच्या टेबलाशी बसली. पावणेसहा. पिटुकलीला सासूबाईंनी बाहेरच धरून ठेवलं. नवऱ्याने दिवा धरला. घाईबाईने चिमट्याने, बोट न लावता, वेणी ठेवली आणि आयर्न टेकवलं. सोल्डर एका दमात वर चढलं. तिसरा पाय मोकळा झाला. नवं बटण बसलं. मास्तर शेजारी उभे राहून प्रत्येक टाक्याला मान डोलावत होते.

सहाला पाच मिनिटं असताना तिने वायर त्यांच्या कानात घातली आणि बटण फिरवलं. बाहेर सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "म्हातारा टुणटुणीत आहे हो! उगाच टाचा झिजवल्या माझ्या, त्याही त्या पिवळ्या मलमाने चपलांना चिकटलेल्या."

मास्तर दाराकडे वळले. "ऐकलं मी," ते म्हणाले. "आणि टाचांना राळ लावू नका, चपला निघायच्या नाहीत."

सहाला फोन वाजला. मास्तरांनी तो पहिल्याच घंटेला उचलला.

आता घाईबाईची वेणी काचेच्या बरणीत असते. घट्ट झाकण, आत नवी पुडी, बरणी कपाटात, कपाटाला कुलूप. पिटुकलीचीही काळजी मिटली आणि वेणीचीही. दर शनिवारी ती पिटुकलीला घेऊन मास्तरांकडे जाते. मास्तर पिशवीचं तोंड कसं बंद करायचं ते पिटुकलीला शिकवतात. तीही घाईत असते.

तुमच्याही ओळखीत कुणी तरी असं एकटं राहणारं असेल, ज्यांनी तुम्हाला काही तरी शिकवलं आणि ज्यांच्याकडे तुम्ही वर्षभर गेला नाहीत. आज जाऊन या. फोनवर भागवू नका. आणि दार उघडलं नाही, तर किल्लीवाल्याला बोलावण्याआधी एकदा आपल्या घरात बघा, त्यांचे कान तुमच्याकडेच दुरुस्तीला नाहीत ना.